केसाचे नासूर आणि लेसरचा उपचार



आजचा विषय मी चालकांना कळविला, तेव्हा ते थोडे घुटमळले. हृदयविकारावर बोला, मधुमेहावर बोला, घाटावर पाय ठेवायला जागा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. माझा विषय माकडहाडाजवळच्या नासुराचा. हे दुखणे चारचौघांत सांगता येत नाही आणि धड बसताही येऊ देत नाही. पण चालकांनाही घुटमळावेसे वाटले, याच कारणासाठी मी तो निवडला. या दुखण्याने माणूस सहसा मरत नाही. परंतु ते गाठते ऐन अठरा ते तीस या वयात. परीक्षा, नोकरी, सैन्यभरती, लग्न ही सगळी त्याच वयातली. चाळिशीनंतर ते नव्याने क्वचितच उद्भवते. म्हणजे आयुष्याच्या ज्या दहाबारा वर्षांत माणसाने धावावयाचे, त्याच वर्षांत ते त्याला एका कुशीवर निजवून ठेवते. आणि लाजेपायी तो कोणापाशी बोलत नाही.

समजा, कळवणकडचा एक वीस वर्षांचा मुलगा आहे. नाशिकला खोली घेऊन राहतो, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो. सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो तो रात्री उठतो. एके दिवशी पाठीचा कणा संपतो तेथे, दोन कुल्ल्यांमधल्या घळीच्या वरच्या टोकाशी, त्याला ठुसठुस लागते. दोन दिवसांत तेथे गाठ येते, ताप येतो, खुर्ची नकोशी होते. औषधाच्या दुकानातून तो गोळ्या आणतो. गाठ आपोआप फुटते, पू जातो, बरे वाटते. केसतूड झाले होते, गेले, असे तो मनाशी म्हणतो. दीड महिन्याने पुन्हा तेच. मग तेथून सतत थोडे थोडे पाणी येऊ लागते, कपड्याला डाग पडतात, वास येतो. हा मुलगा आपले कपडे स्वतः धुऊ लागतो, आणि घरच्यांना वाटते, चिरंजीव शहाणे झाले! मुलगी असेल तर लपविण्याचे आणखी शंभर मार्ग. अशी दोन-दोन, तीन-तीन वर्षे जातात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ही वाहती जागा डॉक्टरांच्या दृष्टीस पडली, तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. आणि पुष्कळदा घरच्यांना पहिली बातमी लागते ती तेव्हा.

आपली भाषा किती जाणती आहे पाहा. केसतूड हा शब्द आजीच्या तोंडचा. त्यात केस आहेच. पाश्चात्त्य वैद्यकाला तेथवर यावयास बराच वेळ लागला. १८३३ साली हर्बर्ट मेयो या इंग्रज वैद्याने माकडहाडाजवळच्या अशा केस भरलेल्या नासुराचे वर्णन केले. १८८० साली अमेरिकेतील रिचर्ड हॉजेस यांनी त्याला पायलोनिडल सायनस हे नाव दिले. लॅटिनमध्ये पिलुस म्हणजे केस आणि नीदुस म्हणजे घरटे. हा नीदुस आणि आपल्या संस्कृतातले नीड ही एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, म्हणून मराठी माणसाला हे नाव परके वाटू नये. केसांचे घरटे. उघडून पाहिले तर आत खरोखरच केसांचा पुंजका असतो, एखाद्या चिमणीने जमविल्यासारखा.

आता हे केस तेथे आले कोठून? सगळा प्रश्न या एका प्रश्नात आहे. उपचार लहान करावयाचा की मोठा, हे त्याच्या उत्तरावर ठरते आणि लेसरची किंमतही त्यावरच ठरते.

जवळजवळ पाऊणशे वर्षे बहुतेक शल्यवैद्यांचे मत असे होते, की हा जन्मजात दोष आहे. गर्भावस्थेत मज्जारज्जूची नळी मिटताना तिचा एखादा तुकडा मागे राहतो व त्यातच केस उगवतात, असे ते मानीत. एकदा हे मत धरले, की शस्त्रक्रिया ठरलेलीच. जन्माचा दोष मुळासकट काढला पाहिजे. म्हणून खोल, हाडाच्या आवरणापर्यंत सगळे कापून काढावयाचे. तळहात बसेल एवढा खड्डा करावयाचा आणि तो तळापासून भरून येण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने मलमपट्टी करीत बसावयाचे.

या मताची कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सैन्यात १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ७९ हजार सैनिक या एका दुखण्याने रुग्णालयात पडले, आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ५५ दिवसांचा झाला. तरुण पोरे, दिवसदिवस जीपच्या कडक बैठकीवर, वाईट रस्ते, घाम. १९४४ साली लुई ब्यूई यांनी त्याला जीपचा रोग असेच नाव देऊन टाकले. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तेव्हा जीप काय चीज आहे हे नाशिककरांना सांगावयास नको. एवढ्या मोठ्या सैन्यातली एवढी पोरे एकाएकी जन्मजात दोषाने कशी आजारी पडली? जन्मजात दोष बैठकीची वाट पाहत नाही.

उत्तराचा धागा सापडला तो न्हाव्याच्या हातात. येथून हाकेच्या अंतरावर रामकुंडापाशी क्षौर चालते. तेथील नाभिक बंधूंच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्यात तर एखाद्याच्या बेचक्यात बारीकसे छिद्र दिसेल, क्वचित त्यातून पाणी येताना दिसेल. कापलेले आखूड केस तेथे रुततात आणि कातडीखाली घर करतात. नाभिकाच्या बोटांमध्ये मज्जारज्जूची नळी नसते, आणि तेथे केसही उगवत नाहीत. म्हणजे केस बाहेरून आला. लंडनच्या पॅटी आणि स्कार्फ या दोघांनी १९४६ साली हे ठासून मांडले, की माकडहाडाजवळचे नासूरही असेच बाहेरून शिरलेल्या केसांचे आहे. त्यांनी दुसरीही गोष्ट दाखविली. सगळे मुळासकट कापून काढल्यावरही रोग परत येतो आणि परत आलेल्या नासुरात पुन्हा केस सापडतात. मुळासकट काढलेले मूळ परत कोठून येणार?

केस कातडीत शिरतो कसा, हे समजण्यास बाजरीच्या शेतात जाऊन यावे. धोतराला किंवा पायजम्याला कुसळ चिकटते, आणि आपण चालू लागलो की ते वर वर सरकते. मागे येत नाही. कारण त्याला एका दिशेला झुकलेले बारीक काटे असतात. केसाच्या अंगावरही सूक्ष्मदर्शकाखाली खवले दिसतात, तेही एकाच दिशेला झुकलेले. गळून पडलेला केस घळीत येऊन अडकतो. आपण बसतो, उठतो, चालतो, दोन बाजू एकमेकींवर घासतात, घामाने कातडी मऊ झालेली असते, आणि तो केस कुसळासारखा पुढे सरकतो. एकदा आत गेला की मागे यावयाचे नाव नाही. ग्रीक सैन्यातील शल्यवैद्य कारिदाकिस यांनी १९९२ साली याची मांडणी तीन गोष्टींत केली: सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर, आणि घळीच्या तळाची नाजूक कातडी. अलीकडे जर्मनीत डोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नासुरांतून काढलेले केस तपासले. त्यांतले पुष्कळसे आखूड, मूळ नसलेले, कापल्यामुळे टोकदार झालेले आणि डोक्याच्या मागच्या भागावरच्या केसांशी जुळणारे निघाले. म्हणजे केशकर्तनालयातून उठताना मानेवरून सदऱ्यात जे केस उतरतात, त्यांतलाही एखादा हा उद्योग करू शकतो. केस कापून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात शिवावयाचे नाही, हा जुना दंडक आपण सोवळेपणा म्हणून सोडून दिला. या एका बाबतीत तो सोडावयास नको होता, असे मला वाटते.

आमच्याकडील शास्त्रात याचे काही आहे काय, असे नेहमी विचारले जाते. या विशिष्ट दुखण्याचे नाव सुश्रुतात शोधू नये. परंतु शल्य म्हणजे काय हे सांगताना सुश्रुताने बाहेरून घुसलेल्या वस्तूंबरोबर शरीरातलेच दात, केस, नखे हीही शल्ये होतात, असे म्हटले आहे. नाडीव्रणाचे प्रकार मोजतानाही, आत राहिलेल्या शल्यामुळे वाहणारा प्रकार त्याने वेगळा धरला आहे. हा विचार नेमका आहे. काटा आत असेपर्यंत जखम वाहणार, आणि येथे काटा म्हणजे केस.

केस बाहेरून आला हे पटल्यावर शस्त्रक्रियेचा सगळा नकाशा बदलला. १९६५ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड आणि मिलर यांनी फार साधी युक्ती सांगितली. घळीतील बारीक छिद्रे तेवढी कातडीपुरती काढावी आणि आतला मार्ग छोट्या ब्रशाने घासून केस बाहेर काढावे. अमेरिकेतील बास्कम यांनी १९८० साली याच वाटेने जाऊन तांदळाच्या दाण्याएवढ्या जखमांवर काम भागवून दाखविले. कारिदाकिस यांचा मार्ग थोडा निराळा. त्यांनी जखमेची शिवण घळीच्या मधोमध न ठेवता एका बाजूला नेली आणि घळ उथळ केली. सहा हजारांहून अधिक रुग्णांत रोग परत येण्याचे प्रमाण त्यांनी सुमारे एक टक्का सांगितले आहे. लेनिनग्राडच्या लिंबर्ग यांनी १९४६ साली वर्णिलेली शंकरपाळ्याच्या आकाराची कातडीची झडपही या कामी वापरतात. तिनेही घळीचा तळ सपाट होतो. उलट, कापून मधोमध सरळ शिवून टाकणे, ही दिसावयास सर्वांत नीटस पद्धत, शेवटी सर्वांत वाईट ठरली. २०१८ साली जर्मनीतूनच जगभरच्या जवळजवळ ९० हजार रुग्णांच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध झाल्या. त्यांत रोग परत येण्याचे प्रमाण वर्षागणिक वाढत जाते हे स्पष्ट दिसते, आणि मधोमध शिवणीचे नाव तळाशी आहे. सहा महिन्यांचा हिशेब आणि दहा वर्षांचा हिशेब यांत फार अंतर पडते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, मला तो पुन्हा लागणार आहे.

आता लेसरकडे येतो.

उत्तेजित उत्सर्जनाची मूळ कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली. पहिला लेसर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून प्रकट केला तो १६ मे १९६० रोजी. म्हणजे हा वसंतातच जन्मलेला प्रकाश आहे. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच पावलाने चालणारा प्रकाश. सिंहस्थाच्या गर्दीत लाखो माणसे वाटेल तशी चालतात, तो आपला साधा दिवा. तीच माणसे पोलिस अकादमीच्या संचलनात एका तालावर पावले टाकू लागली, की तो लेसर. आणि कोणत्या रंगाचा लेसर घ्यावा हे त्याने काय तापवावयाचे आहे यावर ठरते.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की या दुखण्यात दोन निरनिराळे लेसर येतात आणि रुग्ण त्यांची गल्लत करतात. एक लेसर केस काढण्याचा. तो कातडीवरून मारतात. केसातील काळे द्रव्य तो शोषवितो, मूळ तापते आणि केस पुन्हा उगवणे मंदावते. दुसरा लेसर नासूर मिटविण्याचा. त्याची तरंगलांबी बहुधा १४७० नॅनोमीटर असते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्यात चटकन शोषला जातो आणि शरीराचा मांसल भाग मुख्यतः पाणीच आहे. म्हणून त्याची उष्णता जवळच्या थरापुरती राहते, लांब पसरत नाही. पहिला लेसर नासूर मिटवीत नाही. दुसरा लेसर केस उगवण्याचे थांबवीत नाही. "डॉक्टर, मी लेसर केला होता तरी परत कसे झाले?" असे विचारणारा आला, की कोणता लेसर केला होता, हेच आधी शोधावे लागते.

प्रत्यक्ष काम कसे चालते? रुग्णाला पालथे निजवितात. तेवढाच भाग बधिर करतात किंवा कमरेतून भूल देतात. घळीतील छिद्रे काही मिलिमीटरच्या चकतीइतकी कापून मोकळी करतात. मग वेळ येते ती ब्रशाची आणि बारीक चमच्यासारख्या हत्याराची. आतले सगळे केस, सगळा गाळ खरवडून, धुऊन काढतात. त्यानंतर दाभणासारखी बारीक, लवचीक काचतंतूची काडी आतल्या मार्गात टोकापर्यंत सरकवितात. साध्या काडीतून प्रकाश पुढे जातो. हिच्या टोकातून तो चोहोबाजूंनी वर्तुळाकार फाकतो. सुमारे १० वॅटची शक्ती देत ती काडी सेकंदाला साधारण एक मिलिमीटर इतक्या सावकाश मागे ओढीत आणतात. मार्गाच्या भिंती तापून आक्रसतात, आतले सडके अस्तर नष्ट होते आणि नळी मिटू लागते. टाके नाहीत. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आतले. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, पुष्कळदा आठवड्याभरात कामावर जातो. छिद्रातून थोडे पाणी पुढे दोन-चार आठवडे येते, ते जखम भरण्याचेच असते. रुग्ण मात्र घाबरतो, कारण त्याला कोणी तरी सांगितलेले असते, की लेसरने सगळे जागच्या जागी बंद होते.

या वर्णनात ब्रश कोठे आला ते पुन्हा पाहा. लॉर्ड यांचा ब्रश १९६५ चा आहे. बेल्जियममधील देसिली व सहकारी यांनी या लेसर पद्धतीचे पहिले ४० रुग्ण प्रसिद्ध केले ते २०१७ साली. म्हणजे जखम लहान झाली ती लेसरच्या आधीच पन्नासएक वर्षे, केस बाहेरून येतो एवढे कळल्यामुळे. लेसरने त्या लहान जखमेच्या आतला मार्ग मिटविण्याचे चांगले साधन दिले. साधन उत्तम आहे, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. परंतु काडीला डोळे नाहीत. तिच्या वाटेत केसांचा पुंजका राहिला, तर ती त्याला शेकून तेथेच ठेवते आणि नासूर पुन्हा वाहू लागते. इटलीच्या मैनेरो यांनी याच कारणासाठी बारीक दुर्बीण आत घालून केस डोळ्यांनी पाहून काढण्याची पद्धत बसविली. शेवटी यश ठरते ते खरवडणाऱ्याच्या चिकाटीवर.

आकडे सांगतो. त्या पहिल्या ४० रुग्णांपैकी ३५ बरे झाले, आणि त्या पस्तिसांत एकाला रोग परत आला. फार छान. पण पाहणी वर्षभराचीही नव्हती. त्याच मंडळींनी २०१९ साली २०० रुग्णांचा अधिक दीर्घ हिशेब दिला. जखम भरली ९४ टक्क्यांची, पण रोग परत येण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर गेले. हिशेब प्रामाणिकपणे वाढविणाऱ्या या मंडळींबद्दल मला आदर आहे. शंभरातील पंधरांना पुन्हा यावे लागले, तरी पंचाऐंशींची महिनोन्‌महिन्यांची मलमपट्टी वाचली, हा काही लहान लाभ नव्हे. आणि त्या पंधरांनाही पुन्हा लेसर किंवा झडपेची शस्त्रक्रिया करता येते, कारण मांस फारसे गेलेले नसते. परंतु हा सौदा रुग्णापुढे आधी मांडला पाहिजे. लहान जखम, लवकर उठणे, आणि त्याबदल्यात रोग परत येण्याची थोडी अधिक शक्यता, असा हा सौदा आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना मोठमोठे फलक दिसतात: कापाकापी नाही, टाका नाही, एका दिवसात घरी. तिन्ही गोष्टी पुष्कळशा खऱ्या. चौथी ओळ मात्र मी अजून कोठे वाचलेली नाही.

कोणाला हा उपचार द्यावा? ज्याचे नासूर पहिल्यांदाच झाले आहे, मार्ग एक-दोन आहेत, फांद्या फार नाहीत, त्याला जरूर द्यावा. गळू तापून आलेले असेल तर त्या दिवशी लेसर नाही. त्या दिवशी चीर देऊन पू काढावयाचा, तीही घळीच्या मधोमध नव्हे तर बाजूला. आणि सूज बसल्यावर, काही आठवड्यांनी, पुढचा विचार. ज्याच्या कमरेवर आधीच्या दोन-तीन शस्त्रक्रियांचे व्रण आहेत, घळ खोल आहे, मार्ग दोन्ही कुल्ल्यांत पसरले आहेत, त्याला लेसरच्या आशेवर ठेवू नये. त्याला कारिदाकिस किंवा लिंबर्ग यांच्या पद्धतीने घळ सपाट करून देणे हेच हिताचे. तेथे जखम मोठी होईल, आठ-दहा दिवस टाके राहतील. पण निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याने द्राक्षाच्या उचलीतून पैसे बाजूला काढून मुलाचा लेसर करावयाचा, आणि पुढच्या छाटणीपर्यंत तो पुन्हा वाहता व्हावयाचा, यापेक्षा ते बरे. यंत्र महाग असते, काडी महाग असते. जेथे यंत्र आहे तेथे प्रत्येक रुग्ण लेसरयोग्य दिसू लागण्याचा धोका असतो. हे मी माझ्या व्यवसायबंधूंविषयी बोलतो आहे. ते रागावले तर रागावोत.

आणि काहीच न कापता काय होते? १९९४ साली अमेरिकन लष्करातील आर्मस्ट्राँग आणि बार्सिया यांनी एक हिशेब प्रसिद्ध केला. आधीच्या दोन वर्षांत त्यांच्याकडे २२९ रुग्णांवर २४० शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनी ४७६० दिवस खाटा अडविल्या. मग त्यांनी धोरण बदलले. घळीतील केस नियमित काढावयाचे, स्वच्छता ठेवावयाची, गळू आले तर बाजूने चीर द्यावयाची, मोठी शस्त्रक्रिया टाळावयाची. पुढील १०१ रुग्णांना मिळून खाटा लागल्या ८३ दिवस. चार हजार सातशे साठ आणि त्र्याऐंशी! हा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवितो. येथे नवे यंत्र नव्हते, केसाकडे पाहण्याची नवी दृष्टी होती. म्हणून लेसर केलेल्यालाही मी सांगतो, की काडीने बोगदा मिटविला, पण घळ तेथेच आहे आणि केस रोज गळणार आहेत. महिन्यातून दोनदा घरच्या कोणाकडून तरी ती जागा पाहून घ्या. येथेच पंचाईत होते. आईला दाखवावयास मुलगा तयार नाही, बापाला सांगावयास मुलगी तयार नाही, आणि वसतिगृहात तर कोणालाच नाही. यावर उपाय माझ्यापाशी नाही. आरशाने काम होत नाही, हे मात्र सांगतो.

चिठ्ठ्या पुष्कळ आल्या आहेत. वेळ थोडा आहे, म्हणून चारच घेतो.

पहिली चिठ्ठी: हे भगंदरच ना? नव्हे. भगंदराचा मार्ग गुदमार्गाशी जोडलेला असतो, याचा बहुधा नसतो. दोन्हींचे पाणी जवळजवळ एकाच ठिकाणी येते म्हणून घोटाळा होतो. कधी कधी डॉक्टरांचाही होतो, म्हणून तपासणी नीट व्हावी.

दुसरी: क्षारसूत्र कसे? काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. भगंदरावर त्याची पद्धतशीर तपासणी झाली आहे आणि ती चांगली आहे. केसाच्या नासुरावरही ते वापरतात. वेळ अधिक लागतो, दर आठवड्याला दोरा बदलावा लागतो. माझी अट एकच: दोरा घालण्यापूर्वी केस काढा. ही अट मी लेसरवाल्यालाही घालतो.

तिसरी: केस वस्तऱ्याने काढावे काय? जखम भरत असताना भोवतालचे केस काढावेत, हे खरे. पण वर्षानुवर्षे वस्तरा चालविण्याबद्दल मी उत्साही नाही. वस्तरा आखूड, टोकदार तुकडे मागे ठेवतो, आणि जर्मनीतील एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर वस्तरा वापरणाऱ्यांत रोग अधिक परत आला. ज्याला परवडते त्याने केस काढण्याचा लेसर करावा. तो पाच-सहा खेपांचा असतो. ज्याला परवडत नाही त्याने केस काढण्याचे मलम वापरावे, आधी हातावर लावून पाहावे, आणि जखम उघडी असताना लावू नये. अभ्यासिकेतल्या मुलांनी दर तासाला उठून शंभर पावले चालावे. त्याने गुण कमी होत नाहीत.

शेवटची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली आहे, नाव नाही. तीन वर्षांपासून वाहते आहे, घरी कोणाला ठाऊक नाही, यातून कर्करोग होतो काय आणि कोणाकडे जावे, असे विचारले आहे. कर्करोग फार क्वचित, तोही बहुधा वीस-पंचवीस वर्षे दुर्लक्षिलेल्या नासुरात. तीन वर्षांत त्याची भीती बाळगू नये. जावयाचे कोठे? जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात बाह्यरुग्ण म्हणून जावे, किंवा कोणत्याही शल्यवैद्याकडे. फलक पाहून निवडू नये. खर्च शासकीय योजनेत बसतो का, ते तेथील खिडकीवर विचारावे. तपासणीस बहुतेक वेळा यंत्र लागत नाही. पाच मिनिटे पालथे निजावे लागते. मुलगी असल्यास स्त्री परिचारिका जवळ असावी, असे सांगण्याचा तिला हक्क आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्या: माझे मार्ग किती आहेत, तुमच्या रुग्णांत हा रोग पाच वर्षांत कितीजणांना परत आला, आणि केस काढण्यासाठी तुम्ही काय करता. आणि निघताना सोबत एखादा मित्र किंवा मैत्रीण घेऊन जावी. परत येताना दुचाकीवर मागे बसावे लागेल, तेव्हा ती त्यालाच चालवू द्यावी.